बोनट चकचकीत, डाल्याला सुरकुत्या: जुनी गाडी रंगवण्याआधी खालचा रंग ओळखा



आज जाळ्याबद्दल नाही, बीजाबद्दल नाही, गाडीबद्दल लिहितोय. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात मासा पाण्यातून काढला म्हणजे काम संपलं असं होत नाही. तो बर्फात घालून बाजारात पोचवला तरच पैसा. पांढुर्ण्याहून निघा नाहीतर सौंसरहून, दोन्ही रस्ते सावनेरला एकत्र येतात आणि पुढे नागपूर. त्या रस्त्यावर आपली जुनी पिकअप, छोटा हत्ती किंवा तीनचाकी रोज पळते. नवी गाडी घेणं प्रत्येकाला जमत नाही. म्हणून जुनीच वेल्डिंग करून, रंग मारून आणखी चार-पाच वर्षं चालवायची.

मीही तेच केलं आणि फसलो. का फसलो ते सविस्तर सांगतो.

आपल्या मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट नद्यांमध्ये आणि जलाशयांत मासेमारी बंद. नदीशी संबंध नसलेले छोटे तलाव तेवढे सोडले तर सगळ्यांचा हात रिकामा. या दोन महिन्यांत गाडीचं काम उरकायचं असा आपला रिवाज. माझी पिकअप दुसऱ्या हाताची. डाल्याचा तळ बर्फाच्या पाण्याने खाऊन टाकला होता. वेल्डरकडून नवा पत्रा टाकून घेतला. त्याने जोडावर लगेच रेड ऑक्साइड मारून दिलं. मग पेंटरकडे गेलो. तो म्हणाला, "भाऊ, इनॅमल कायले मारता? पीयू मारा, गाडी शोरूममधून काढल्यासारखी दिसन." मला पटलं.

सकाळी गनने रंग मारला. दुपारी बोनट आरशासारखं. संध्याकाळी डाल्याकडे बघितलं तर रंग फुगून आलेला, वाळल्या आंब्याच्या सालीसारख्या सुरकुत्या. रंग तोच, डबा तोच, हात तोच, दिवसही तोच. तरी बोनट चकचकीत आणि डाला खराब. आम्ही दोघंही तोंडं बघत राहिलो. सगळं खरडून परत करायला इतके दिवस गेले की बंदी उठली तरी गाडी शेडमध्येच. पहिल्या आठवड्याचा माल भाड्याच्या गाडीने गेला. रंगाचा खर्च दुप्पट झाला तो झालाच, भाडं वेगळं.

पेंटरला दोष देत नाही. खाली काय आहे ते त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. बोनटवर कारखान्याचा मूळ रंग होता. डाल्यावर आधीच्या मालकाने ब्रशने मारलेलं इनॅमल होतं आणि जोडावर ताजं रेड ऑक्साइड. वरून बघितलं तर सगळं एकच पांढरं. आत तीन वेगळ्या जातीचे रंग.

रंग वाळतो म्हणजे नेमकं काय होतं

हे एकदा समजलं की बाकी सगळं सोपं आहे. रंग तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हेने वाळतो.

*पहिला, एनसी म्हणजे लॅकर.* आपले पेंटर याला ड्युको म्हणतात. ड्युको हे खरं तर अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या रंगाचं नाव. 1920 च्या दशकात तो मोटारींवर आला, 1924 च्या ओकलंड गाडीपासून त्याचं नाव झालं. त्याआधी एक मोटार रंगवून वाळायला आठवडे लागत, ड्युकोने ते काम तासांवर आणलं. कंपनीचं नाव मागे पडलं, आपल्याकडे शब्द राहिला. हा रंग फक्त थिनर उडून वाळतो. आत दुसरा काही बदल होत नाही. म्हणून दहा वर्षांनीसुद्धा त्यावर एनसी थिनर लावलं की तो परत विरघळतो. मिठाचं पाणी आटवलं तर मीठ राहतं, पाणी घातलं की परत विरघळतं, तसंच हे.

*दुसरा, सिंथेटिक इनॅमल.* ट्रकचा डाला, लोखंडी गेट, बैलगाडीची चाकं यांना आपण हाच लावतो. रेड ऑक्साइडही बहुतेक याच जातीचं. यात तेलाचा अंश असतो. टर्पेंटाइन उडून जातं आणि मग तेल हवेतला ऑक्सिजन ओढून हळूहळू घट्ट होतं. हाताला सुका लागतो दुसऱ्या दिवशी, पण आतून पक्का व्हायला कित्येक दिवस, जाड थर असला तर त्याहून जास्त. याला टर्पेंटाइनसारखं सौम्य थिनर पुरतं. कडक थिनर वर पडलं की हा फुगतो.

*तिसरा, पीयू, म्हणजे टू-के.* एक डबा रंगाचा, एक हार्डनरचा. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया होऊन रंग घट्ट होतो आणि पुन्हा सहसा विरघळत नाही. इपॉक्सी प्रायमरही दोन डब्यांचाच. पण ओला असताना दोघांचंही थिनर कडक असतं, हे लक्षात ठेवा.

*चौथा, कारखान्याचा मूळ रंग.* तो भट्टीत, साधारण 140 अंशांच्या आसपास भाजून पक्का केलेला असतो. सगळ्यांत टणक.

आता माझ्या गाडीचं कोडं सुटतं. पीयूचं कडक थिनर बोनटच्या भाजलेल्या रंगाला काही करू शकलं नाही. डाल्यावरच्या इनॅमलमध्ये आणि ताज्या रेड ऑक्साइडमध्ये मात्र ते शिरलं. खालचा थर फुगला, वरचा वाळायला लागला, दोघांची ओढाताण झाली आणि सुरकुत्या पडल्या.

म्हणून नियम एकच: सौम्य थिनरचा रंग कडक रंगावर चालतो, कडक थिनरचा रंग सौम्य रंगावर चालत नाही.

खालचा रंग ओळखायचा कसा

मशीन लागत नाही. पांढरं सुती फडकं, थोडं एनसी थिनर आणि दहा मिनिटं लागतात. दाराची आतली कड, डाल्याची खालची बाजू अशी न दिसणारी जागा निवडा. गाडीच्या प्रत्येक भागावर वेगळी परीक्षा करा, कारण जुन्या गाडीचं एक दार एका जातीचं आणि दुसरं दुसऱ्या जातीचं असू शकतं.

थिनरमध्ये भिजवलेलं फडकं मिनिटभर घासा, मग तसंच चार-पाच मिनिटं दाबून ठेवा आणि बघा.

– फडक्याला रंग लगेच आला आणि जागा चिकट झाली, तर खाली एनसी किंवा तसलाच लॅकर.
– आधी काही नाही, पण थोड्या वेळाने रंग फुगला, सुरकुतला, नखाने निघू लागला, तर इनॅमल.
– काहीच झालं नाही, फार तर चमक कमी झाली, तर पीयू किंवा कारखान्याचा रंग.
– टर्पेंटाइननेच फडकं तपकिरी-काळं झालं, तर ब्लॅक जपान किंवा डांबरी कोटिंग.

त्यानंतर पकड तपासा. नव्या ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा पत्र्यापर्यंत मारा. वर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि एका झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर जुना रंग ठेवून वर काम करता येईल. चौकोन पट्टीला चिकटून आले, तर कितीही महाग रंग मारा, तो जुन्या रंगासकट निघणार. असा रंग खरडून काढणंच बरं.

कशावर काय चालतं

*कारखान्याचा किंवा जुना पक्का पीयू असेल* तर काळजी कमी. 320 ते 400 नंबरच्या पेपरने चमक मारा, धुऊन सुकवा. वर इनॅमल, पीयू काहीही बसतं. घासल्याशिवाय मात्र नाही, गुळगुळीत रंगावर नवा रंग पकडतच नाही.

*खाली एनसी असेल* तर इनॅमल चालतं, कारण त्याचं थिनर सौम्य. पीयू मारायचा असेल तर एनसीचा थर कमीत कमी करा, जमलं तर काढूनच टाका. नाहीतर तो आतून फुगतो आणि महिन्याभराने पेपरच्या जुन्या रेघा वर दिसायला लागतात.

*खाली इनॅमल असेल* तर वर इनॅमलच मारा. यात कमीपणा काही नाही. जुनं, पक्कं, पकड असलेलं इनॅमल नीट घासून त्यावर नवं इनॅमल मारलं तर आपल्या कामाच्या गाडीला ते पुरतं. ड्युको अजिबात नको. पीयूच हवा असेल तर इनॅमल पत्र्यापर्यंत काढा. काही जण सांगतात, मधे इपॉक्सी प्रायमर मारा, तो अडसर होतो. पक्क्या जुन्या रंगावर ते खरं आहे. पण इपॉक्सीचं थिनरही कडक, फुगणाऱ्या इनॅमलला तोच फुगवतो.

*खाली डांबरी रंग असेल* तर वर पांढरा-पिवळा मारूच नका. डांबराचा तपकिरी डाग वर झिरपतो आणि दोन हात आणखी मारले तरी परत येतो. पूर्ण काढावाच लागतो.

सगळ्यांत मोठा सापळा रेड ऑक्साइडचा. वेल्डर चांगल्या मनाने मारून देतो, आपण खूश होतो. वर इनॅमल मारणार असाल तर ते ठीकच आहे. वर पीयू मारायचा बेत असेल तर वेल्डरला आधीच सांगा, "बापू, रेड ऑक्साइड मारू नका, पत्रा उघडाच द्या." मग त्याच दिवशी घासून इपॉक्सी प्रायमर मारा. बॉडीची पॉलिएस्टर पुट्टीही उघड्या पत्र्यावर किंवा इपॉक्सीवर भरतात. रेड ऑक्साइडवर भरली तर ढेपळ्यासारखी सुटते.

दुसरा सापळा जस्ताच्या पत्र्याचा, म्हणजे जीआयचा. डाल्याला आतून जीआय पत्रा ठोकायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यावर थेट इनॅमल मारलं की वर्षभरात सालपटं निघतात. इनॅमलमधलं तेल आणि जस्त यांची ओलीत क्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो. साबणावर रंग कसा टिकणार? जीआयला इपॉक्सी किंवा खास जस्तावर चालणारा प्रायमर आधी लागतोच. अॅसिडचा एच प्रायमर वापरला तर लगेच वर इपॉक्सी मारू नका. अॅसिडमुळे इपॉक्सी नीट घट्ट होत नाही. दोन्हीपैकी एकच निवडा.

आणि शेवटची खातरजमा: पूर्ण गाडीला हात लावण्याआधी एक वीतभर जागा प्रायमरपासून वरच्या रंगापर्यंत सगळे थर देऊन रंगवा आणि एक पूर्ण दिवस थांबा. मी हा एक दिवस थांबलो असतो तर पुढचे कितीतरी वाचले असते.

माशाचा डोळा

रंगकामात एक दोष असतो, त्याला इंग्रजीतही फिश-आय म्हणजे माशाचा डोळाच म्हणतात. ओला रंग जागोजाग मागे सरतो आणि मधे गोल खड्डा राहतो. कारण तेल, मेण किंवा टायर-डॅशबोर्ड चमकवायच्या सिलिकॉन पॉलिशचा अंश. आपल्या गाडीला तर माशाची चरबी आणि चिकटा रोजचाच. कतला-रोहूचे क्रेट ओढून ओढून डाल्याच्या कडा तेलकट झालेल्या असतात.

इथे बरेच जण क्रम चुकतात. आधी घासतात, मग धुतात. तसं केलं की तेल घासलेल्या रेघांमध्ये दाबून बसतं. आधी कपडे धुण्याच्या पावडरने आणि कोमट पाण्याने खसाखसा धुवा, भरपूर स्वच्छ पाणी मारा, सुकवा. मग घासा. मग पुन्हा पुसा. पाणी ओतल्यावर ते एकसंध पसरलं तर पत्रा साफ. थेंब थेंब होऊन तुटलं तर अजून तेल आहे.

डाल्याच्या आतलं वेगळं

बाहेरून गाडी दिसायला रंगवतो, आतून ती वाचवायला. बर्फाचं पाणी, रक्त, क्रेटची घासाघीस, यापुढे साधं इनॅमल फार टिकत नाही. आतून उघड्या पत्र्यावर इपॉक्सीचे दोन-तीन हात हा चांगला उपाय. इपॉक्सी उन्हात पांढरट, भुकटीसारखं होतं, म्हणून ऊन लागणाऱ्या भागावर वर पीयूचा एक हात. पाणी निघायची भोकं रंगाने बुजू देऊ नका, पाणी साचलं की कुठलाच रंग टिकत नाही. मासा रंगवलेल्या पत्र्यावर थेट ठेवू नका, क्रेटमध्ये किंवा बर्फाच्या पेटीतच ठेवा. आणि रंगाचा वास पूर्ण गेल्याशिवाय माल भरू नका. मासा वास पटकन धरतो आणि व्यापारी भाव पाडायला कारणच शोधत असतो.

थर्माकोलची पेटी किंवा तराफा रंगवायचा असेल तर थिनरचा कुठलाही रंग नको. थिनर लागलं की थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो. पाण्यात कालवायचा भिंतीचा अॅक्रिलिक इमल्शन वापरा. फायबरच्या नावेला आणि लोखंडी होडीला वर सांगितलेलीच परीक्षा लागू: आधी खालचा रंग ओळखा.

पावसाळ्याचं काय करायचं

आपली अडचण हीच आहे. हात रिकामा असतो तो बंदीत आणि बंदी येते ऐन पावसाळ्यात. कोकणातल्या दर्याच्या भावांचंही तेच, त्यांची बंदी जून-जुलैत. रंगाला हेच दिवस सगळ्यांत वाईट. दमट हवेत ड्युको पांढुरका पडतो. पीयूचं हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी क्रिया करतं, बुडबुडे येतात, चमक जाते. इनॅमल वाळतच नाही. पुट्टी पाणी पिते आणि पुढे आतून गंज काढते. हवेत 85 टक्क्यांच्या वर ओलावा असेल किंवा पत्र्याला दव सुटलं असेल तर गनला हात लावायचाच नाही.

मे महिन्याचं ऊनही वाईट. आपल्याकडे दुपारी पत्र्यावर हात ठेवता येत नाही. रंग गनमधून पत्र्यापर्यंत जातानाच सुकतो आणि खरखरीत बसतो. तेव्हा काम सकाळी लवकर, सावलीत.

माझा आता ठरलेला बेत असा. वेल्डिंग, खरडणं, यंत्राची कामं बंदीत करायची. उघड्या पत्र्याला त्याच दिवशी प्रायमर, तेही पक्क्या शेडमध्ये, पाऊस उघडलेल्या कोरड्या दिवशी. वरचा शेवटचा रंग पोळा-दसरा होऊन हवा कोरडी झाली की दोन दिवस गाडी उभी करून. प्रायमर इतके दिवस राहिला तर परत घासून एक हात प्रायमर द्यावा लागतो, तेवढं जास्तीचं काम आहे. पण सगळा रंग दोनदा मारण्यापेक्षा ते परवडतं.

फुप्फुसं बदलून मिळत नाहीत

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो आणि एकदा जडला की थोड्याशा वासानेही त्रास होतो. तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही, वाफ शोषणारा फिल्टरवाला मास्क लागतो. घरच्या अंगणात, लेकरं खेळत असताना पीयूची गन चालवू नका. त्यातल्या त्यात ब्रशने मारलेलं इनॅमल घरगुती कामाला बरं.

जुन्या रंगात, विशेषतः पिवळ्या, लाल, केशरी रंगात शिसं असू शकतं. सरकारने 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम केली, पण तुमच्या गाडीवरचा थर त्याच्या आधीचा असेल, किंवा त्या नियमात न बसणारा औद्योगिक रंग असेल. म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका, पाणी लावून घासा. चोथा गोळा करून टाका, तलावाच्या काठी धुऊ नका. बिडी-सिगारेट लांब.

कागद आणि पेंटरशी बोलणी

गाडीचा रंग आरसीवर लिहिलेला असतो. पांढऱ्याची निळी करायची असेल तर आधी आरटीओत विचारून नोंद करून घ्या. चेसिस नंबर पुट्टीखाली दडपू देऊ नका, रिफ्लेक्टरच्या पट्ट्यांवर रंग नको. फिटनेसच्या वेळी हेच बघतात.

बयाणा देण्याआधी पेंटरला पाच गोष्टी विचारा. खाली कुठला रंग आहे, तपासलं का? वरचा रंग, प्रायमर आणि थिनर एकाच कंपनीचे आणि एकमेकांना चालणारे आहेत का? हार्डनर किती प्रमाणात? (ते डब्यावर लिहिलेलं असतं, अंदाजाने ओतायचं नसतं.) नमुन्याचा तुकडा करून दाखवणार का? आणि रंग उचलला तर परत कोण करून देणार?

चांगला पेंटर या प्रश्नांनी चिडत नाही. माझाही चिडला नाही. आता त्याच्याकडे कुठलीही जुनी गाडी आली की तो आधी फडकं आणि थिनर काढतो. परवा गेलो तर एकाच्या तीनचाकीचं दार घासत बसला होता. म्हणाला, "भाऊ, तुमच्या डाल्यानं शिकवलं मले."

मीही तिथेच शिकलो. आपण मासा घेताना कल्ला उघडून बघतो, वरच्या चकाकीवर भाव ठरवत नाही. गाडीच्या रंगालाही तोच नियम लावा.